सोडतीत नाव न लागलेल्यांचं काय?

तुमच्या वर्गात एखादा तरी असा असेल, जो ‘आरटीई’तून शिकलाय. तो स्वतःहून सांगेलच असं नाही. ‘आरटीईवाला’ हा शब्द शाळेत असताना त्यानं इतक्या वेळा ऐकलेला असतो की, कॉलेजात आल्यावर तो विषयच नको, असं त्याला वाटतं. पण साधा हिशेब करून बघा. २०१२ च्या जूनमध्ये राखीव जागेवर पहिलीत बसलेलं मूल २०२४ मध्ये बारावी झालं. म्हणजे ही मुलं आता तुमच्याबरोबर पदवीच्या बाकांवर आहेत.

त्यांची शाळेची फी आईवडिलांनी भरली नाही, सरकारनं भरली. निदान भरायचं कबूल तरी केलं होतं. त्या थकबाकीची गोष्ट पुढे येईलच.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या बाराव्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून वगळलेल्या आहेत.) मुलाला आठवीपर्यंत शिक्षण मोफत. त्याबदल्यात सरकार शाळेला पैसे देतं. किती? सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढे, किंवा त्या शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात ही रक्कम कित्येक वर्षं एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात ती ८ हजारांवर आणली होती.

पैसा सरकारचा, शाळा खासगी, निवड पालकांची. जगात याला ‘स्कूल व्हाउचर’ म्हणतात. आपल्याकडे कुणी तसं म्हणत नाही, एवढंच. त्यामुळे अमेरिकेत व्हाउचरवरून चाललेल्या भांडणाच्या बातम्या वाचताना ‘आपला काय संबंध’ असं वाटत असेल, तर संबंध आहे, आणि तो आपल्या वस्तीतल्या शाळेपर्यंत येऊन पोचलेला आहे.

मूळ कल्पना मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये एका निबंधात मांडली. शिक्षणाचा खर्च सरकारनं जरूर करावा, पण म्हणून शाळाही सरकारनंच चालवली पाहिजे असं थोडंच आहे, हे त्याचं म्हणणं. पैसे शाळेला देऊ नका, मुलाच्या मागे लावा. मूल जिकडे जाईल, तिकडे पैसा जाईल.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. समजा, हॉस्टेलनं ठरवलं की मेसचे पैसे एकट्या आपल्याच मेसला द्यायचे नाहीत, प्रत्येकाच्या हातात महिन्याचं कूपन द्यायचं. जा, गावातल्या कुठल्याही मेसमध्ये जेवा. ज्याची भाजी चांगली तिकडे गर्दी होईल. ज्याच्या आमटीत डाळ शोधावी लागते, त्याला सुधारावं लागेल, नाहीतर शटर ओढावं लागेल. ऐकायला झकास आहे. आता महिन्याभरानं काय होतं बघा. चांगला मेसवाला म्हणतो, तुमचं कूपन दोन हजारांचं, माझा दर तीन हजार, वरचे हजार रोख टाका. ज्याच्याकडे ते हजार नाहीत, तो मुकाट्यानं परत हॉस्टेलच्या मेसमध्ये. दुसरा म्हणतो, माझ्याकडे जागा कमी, कुणाला घ्यायचं ते मी बघून ठरवणार. इकडे हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐंशीतले चाळीस उरलेत. आचारी तोच, भाडं तेच, लाइट बिल तेच, पैसे मात्र निम्मे. मग पोळ्या मोजून मिळायला लागतात. आणि मग सगळे म्हणतात, बघा, हॉस्टेलची मेस म्हणजे असंच असतं!

ही कल्पनेतली मेस झाली. शाळांच्या बाबतीत एका देशानं हे खरोखर, देशभर आणि अनेक दशकं करून पाहिलं. तो देश म्हणजे चिली.

१९८१ मध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीनं तिथल्या सरकारी शाळा नगरपालिकांकडे दिल्या आणि पालिकेची असो वा खासगी, शाळेला हजर मुलांच्या संख्येवर पैसे द्यायला सुरुवात केली. नफा कमावायला मुभा होती. १९९३ पासून खासगी अनुदानित शाळांना सरकारी पैशांवर पालकांकडून वरची फी घ्यायचीही मोकळीक मिळाली. मुलाची परीक्षा घेणं, पालकांची मुलाखत घेणं हेही सर्रास चालायचं. सुरुवातीला पाचातली जवळपास चार मुलं पालिकांच्या शाळेत होती. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. त्याच्या बदल्यात शिकवणं सुधारलं का? चँग-ताई शे आणि मिगेल उर्किओला या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये या सगळ्याचा हिशेब मांडला. सरासरी गुणवत्ता वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. जे सापडलं ते वेगळंच होतं. बऱ्या घरची मुलं पालिकेच्या शाळांमधून उठून गेली होती, आणि मागे उरली ती उरली होती.

त्याच वर्षी चिलीतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली. गडद कोट आणि पांढरा शर्ट असा गणवेश, म्हणून लोक त्यांना ‘पेंग्विन’ म्हणायचे. त्यावरून त्या आंदोलनाचं नाव पडलं ‘पेंग्विन क्रांती’. २०११ मध्ये कॉलेजचे विद्यार्थी उतरले. त्यांच्या पुढाऱ्यांमध्ये कामिला व्हायेहो आणि गाब्रिएल बोरिच होते. हाच बोरिच २०२२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, चिलीचा राष्ट्राध्यक्ष झाला. विद्यार्थ्यांच्या मागण्यांचं पुढे काहीच होत नाही, असं आपल्याकडे फार बोललं जातं, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं. २०१५ मध्ये तिथे कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं नफा काढायचा नाही, वरची फी टप्प्याटप्प्यानं बंद करायची, मुलं निवडून घ्यायची नाहीत. त्याआधी, २००८ पासून, गरीब मुलामागे शाळेला जास्तीचे पैसे द्यायची तरतूद झाली होती, आणि त्यानंतर गरीब मुलांचे गुण वाढल्याचं काही अभ्यास सांगतात. म्हणजे कूपन हा प्रकारच वाईट, असं चिली सांगत नाही. कूपनावर काय अटी लिहिल्या आहेत, यावर सगळं अवलंबून असतं, असं सांगतो.

या अटींच्या बाबतीत आपला २५ टक्क्यांचा नियम बराच शहाणा निघाला. मुलं सोडतीनं निवडायची, म्हणजे शाळेला चाळणी लावता येत नाही. वरची फी मागता येत नाही. मुलाखत, देणगी कायद्यानं बंद. व्यवहारात गणवेश, पुस्तकं, स्नेहसंमेलन, व्हॅन या नावांखाली पालकांच्या खिशाला कात्री लागतेच, पण निदान कायदा त्यांच्या बाजूनं उभा आहे. आणि फ्रीडमनच्या डोक्यात नसलेली एक गोष्ट या नियमात आहे. रिक्षावाल्याची मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा एका बाकावर बसतात. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं सगळ्यांसाठी एकच, शेजारची शाळा असावी अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. हा नियम म्हणजे तिचा चतकोर तुकडा. पण तुकडा खरा आहे.

म्हणूनच महाराष्ट्रात २०२४ मध्ये जे झालं, ते तुम्हाला माहीत असायला हवं. बारावीच्या परीक्षेच्या किंवा सेमिस्टरच्या गडबडीत कदाचित निसटलं असेल. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. आता शहरात एक किलोमीटरच्या आत अशी एकही शाळा नाही, अशी जागा शोधून दाखवा! खासगी शाळा जवळपास सगळ्याच सुटल्या. त्याऐवजी सरकारी आणि अनुदानित शाळाच सोडतीत घालण्यात आल्या. त्यामुळे कागदावर जागा एक लाखाच्या आसपास होत्या, त्या आठ लाखांच्या वर गेल्या.

आणि अर्ज? आधीच्या वर्षी तीन लाखांहून जास्त आले होते. या वेळी पाऊण लाखही आले नाहीत.

हे सगळ्यात मोठं जनमत होतं, मतपेटीशिवाय घेतलेलं. जिथे तसाही कुणालाही प्रवेश मिळतो, त्या शाळेसाठी पालक सायबर कॅफेत रांग कशाला लावतील? मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, अर्ज नव्यानं मागवले गेले आणि ते पुन्हा दोन लाखांच्या पुढे गेले. १९ जुलैला न्यायालयानं तो बदल मूळ कायद्याच्या विरोधात म्हणून रद्दच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. कर्नाटकानं असाच बदल आधी केला होता, तिथे मात्र तो उच्च न्यायालयात टिकला आणि खासगी शाळांमधले असे प्रवेश प्रचंड घटले.

महाराष्ट्राचा हा निकाल योग्य होता, असं आमचं मत आहे. पण सरकारच्या म्हणण्यात काहीच दम नव्हता, असं म्हणणं हा आळशीपणा होईल. सरकारचा प्रश्न असा होता : शेजारी आमची शाळा आहे, शिक्षकाचा पगार चालू आहे, वर्ग रिकामा आहे, मग त्याच मुलासाठी खासगी शाळेला वेगळे पैसे का मोजायचे? प्रश्न रास्त आहे. फक्त तो ज्याला विचारायला हवा होता, त्याला न विचारता पालकांना विचारला गेला. वर्ग रिकामा का झाला, हे आधी सांगायला हवं होतं.

ते सांगायचा प्रयत्न करू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक किती, हे पटावर ठरतं. पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या. त्यातला एक मतदार यादीच्या नाहीतर कुठल्या तरी सर्वेक्षणाच्या कामाला गेला की, उरलेला एकटा सगळ्या इयत्तांना एका खोलीत सांभाळतो. द्विशिक्षकी शाळेत शिकलेल्यांना हे सांगायला नको. हे बघून ज्याला जमतं तो पालक पोराला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसवतो. पट आणखी घसरतो. मग पट कमी म्हणून शाळाच नको, असा विचार वर सुरू होतो. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत आणि त्यांच्या ‘समूह शाळा’ कराव्यात, हा प्रस्ताव २०२३ मध्ये चर्चेत होता तो यातूनच. डोंगरातल्या वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला समूह शाळा म्हणजे ओढ्यापलीकडची शाळा. पावसाळ्यात ती जाईल की घरी भाऊ सांभाळेल, हे तुम्हीच ठरवा.

खासगी म्हणजे आपोआप चांगलं, हा समज मात्र जरा तपासून घ्यायला हवा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळेतल्या मुलांमध्ये सोडत काढली, ज्यांचं नाव लागलं त्यांना खासगी शाळेची फी दिली आणि नाव न लागलेल्यांशी त्यांची तुलना केली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांचा हा अभ्यास जगभर वाचला जातो. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच होती. हिंदीत खासगी शाळेतली पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत तो विषय नव्हताच. मात्र खासगी शाळेचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. दोन्ही बाजूंनी यातून आपापल्या सोयीचं उचललं. एक म्हणाले, शिकवणं सारखंच! दुसरे म्हणाले, पण स्वस्तात! स्वस्त का, तर मुख्यतः शिक्षकांचे पगार फार कमी होते म्हणून. तुमच्यातले जे डी.एड., बी.एड. करताहेत त्यांनी या ‘कार्यक्षमते’त आपली जागा कुठली, ते बघून ठेवावं.

झेडपीच्या शाळांत सगळं छान चाललंय, असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत. पगार पुरा आणि शिकवणं अर्धं, असे मास्तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या झेडपी शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागायची, हेही आपल्याच राज्यात घडलंय. पालकांचा राग सरकारी पाटीवर नाही, पाटीमागच्या रिकाम्या खुर्चीवर आहे.

आता थकबाकी. सरकारनं शाळांना द्यायचे प्रतिपूर्तीचे पैसे वर्षानुवर्षं अडकतात. संस्थाचालकांच्या संघटना त्यावर बहिष्काराची भाषा करतात आणि दर वर्षी प्रवेशाच्या तोंडावर तीच बातमी पुन्हा छापून येते. मोठ्या कॉर्पोरेट शाळेला १७ हजारांचं फारसं काही वाटत नाही. पण चाळीतल्या दोन मजल्यांवर चालणारी, महिना हजार-बाराशे फी घेणारी शाळा त्या पैशांवाचून शिक्षिकेचा पगार थांबवते. मग राग कुणावर निघतो? वर्गात बसलेल्या ‘आरटीईवाल्या’वर. सरकारनं कूपन छापायचं आणि वटवायचं नाही, तर ते कूपन धरणाऱ्याचाच अपमान होतो.

आणखी एक गोष्ट, जी सोडतीच्या आनंदात कुणाच्या लक्षात येत नाही. मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीत गेल्यावर त्याच शाळेत, त्याच बाकावर, पूर्ण फी. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेल्या पोराला चौदाव्या वर्षी दोनच वाटा : आईनं दागिना गहाण ठेवायचा, नाहीतर दाखला काढून दुसरी शाळा, बऱ्याचदा दुसरं माध्यम. तुमच्याबरोबर बसलेल्या त्या मित्राला कधी विचाराच, नववीत काय झालं होतं म्हणून. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादाही वर्षाला एक लाख रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांच्या आत. आज बिगारी काम करणाऱ्या जोडप्याचं उत्पन्नही खरं सांगितलं तर त्यात बसणार नाही. खोटा दाखला काढायला सरकारच शिकवतंय की काय, असं वाटावं इतका हा आकडा जुना आहे.

सरकारी पैसा कुणाच्या शाळेवर खर्च व्हावा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच विचारलं होतं. तिजोरी रयतेच्या घामाची, आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गासाठी, असं का? त्यांची मागणी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळेची होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. खासगी संस्था आणि सरकारी पैसा यांचंही आपलं जुनं गोत्र आहे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या ‘रयत’सारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांमधूनच तर निम्मा ग्रामीण महाराष्ट्र मॅट्रिक झाला. तेव्हा खासगी शाळेला पैसा देणं हे पाप नाही. पण त्या संस्था जिथे शाळाच नव्हती तिथे गेल्या. आता चाललंय ते उलटं. शाळा आहे तिथून पाय काढायचा आणि पालकांना म्हणायचं, निवडा!

म्हणून या पानाची भूमिका : २५ टक्क्यांचा नियम राहिलाच पाहिजे, प्रतिपूर्ती त्या त्या वर्षी चुकती झाली पाहिजे आणि सवलत बारावीपर्यंत गेली पाहिजे. पण त्याचं रूपांतर ‘सगळ्यांच्या हातात कूपन’ या योजनेत करायला आमचा विरोध आहे. एक लाख जागांसाठी तीन लाख अर्ज येतात, तेव्हा दोन लाख मुलं सोमवारी पाठीवर दप्तर टाकून दुसरीकडेच जातात, आणि ज्यांच्या आईबापांना अर्जाची तारीखच कळली नाही ती मुलं या हिशेबात धरलेलीच नाहीत. त्यांच्यासाठी पैसा शाळेतच जायला हवा : पट कितीही असो, प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक, आणि त्या शिक्षकाला वर्गाबाहेरचं काम नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, हे कोठारी आयोगानं सांगितलं होतं, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच लिहिलंय. आकडा छान पाठ झालाय, बजेटमध्ये मात्र तो अजून आलेला नाही.

आरटीईचे अर्ज साधारणपणे नव्या वर्षाच्या सुरुवातीला सुटतात. घराचं लोकेशन नकाशावर दोनशे मीटर इकडेतिकडे लागलं तरी मुलाची शाळा बदलते किंवा अर्ज बाद होतो, आणि सायबरवाला घाईत असतो. एन.एस.एस.च्या तासांसाठी काय करायचं, असं विचारणारे बरेच जण असतात. वस्तीत एक लॅपटॉप घेऊन दोन रविवार बसता येईल.